पर्मनंट स्लाइड

श्रेया तांडेल बरोबर होती, हे शेवटी सिद्ध झालं. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालूया. परळच्या त्या कॉलेजात सगळे तसंच धरून चालतात, आणि त्यात हितेंद्र पालव सगळ्यांच्या पुढे.

हितेंद्र एस.वाय.च्या मुलांना पेशीशास्त्र शिकवायचा. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास चालू असेपर्यंत प्राध्यापक. घंटा झाली की लालबागच्या चाळीतला आईचा मुलगा. मुलांना तो आवडायचा, कारण तो विनोद करायचा. पेशीचं विभाजन होताना मधल्या टप्प्यात, मेटाफेजमध्ये, सगळे क्रोमोझोम मधोमध रांग धरतात. तो सांगायचा, गणपतीतली नवसाची रांग समजा. फरक एवढाच, की ही पुढे सरकते.

कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल मात्र विनोदाच्या पलीकडचं होतं. मुलं कांदे पाण्यावर ठेवून मुळं वाढवत, टोकं कापत, रंगवत, काचेखाली चेपत, आणि मायक्रोस्कोपमध्ये दिसे ते जांभळं पिठलं. दरवर्षी पिठलंच. म्हणून खिडकीजवळच्या मायक्रोस्कोपला विकत आणलेली एक पर्मनंट स्लाइड लावून ठेवत. भिंगातल्या काट्याचं टोक एका सुरेख मेटाफेजवर. मुलं ओळीने येऊन ती पेशी बघत, जर्नलात काढत, आणि खाली 'स्वतः तयार केलेल्या स्लाइडवरून' असं लिहीत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्या विभागात पर्मनंट अशा दोघीच: ती स्लाइड आणि विभागप्रमुख शैला मॅडम.

श्रेया शीवच्या कोळीवाड्यातून यायची. आई बाजारात मासे विकायची. मुलगी अबोल, चित्रं मात्र नेमकी. यंदाच्या प्रॅक्टिकलला तिच्या चित्रात रांग फुटली होती. अर्धे क्रोमोझोम वर, अर्धे खाली. म्हणजे पुढचा टप्पा.

हितेंद्रने तिचं जर्नल वर्गासमोर उंच धरलं. ही पेशी औषधात मारलेली, रंगवलेली, राळेत चिकटवलेली आहे, नातेवाइकांनी तिचं वर्षश्राद्धसुद्धा उरकलं असेल, असं त्याने सांगितलं. मुलं हसायला लागली. मुलं हसली की हितेंद्रला थांबता यायचं नाही.

"तांडेल, ही आईच्या टोपलीतली मासळी नाही. ताजी आहे, बघा हलते, असं इथे चालत नाही."

वर्ग बाकं बडवून हसला.

"सर, तुम्ही एकदा बघा ना," श्रेया म्हणाली.

त्याने बघितलं नाही. तीच पेशी किती वर्षं बघत होता, त्यात आणखी काय बघायचं. त्याने चित्रावर लाल रेघ मारली. श्रेयाने जर्नल घेतलं, जागेवर जाऊन बसली, आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशी बोटं नाकाशी नेली. मग मुठी मिटून घेतल्या. हितेंद्रच्या लक्षात आलं.

सगळे गेल्यावर दिवा बंद करायला तो खिडकीपाशी गेला आणि सवयीने डोळा लावला.

अर्धे वर, अर्धे खाली.

स्लाइड सरकली असेल, काटा दुसऱ्याच पेशीवर असेल. पण डावीकडे तोच हवेचा बुडबुडा होता, श्रीलंकेच्या आकाराचा. मुलांना खूण म्हणून तो तोच दाखवायचा. पेशी तीच होती.

त्याने शैला मॅडमना बोलावलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाहिलं. "मेटाफेज. मग?" हितेंद्रने परत डोळा लावला. क्रोमोझोम दोन टोकांना पोचले होते. मॅडमनी ते स्टाफरूममध्ये सांगितलं, वर जोडलं की पालव सरांना कांद्याने न चिरताच रडवलंय. सगळे हसले. हितेंद्रही हसला. मग त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

पुढच्या प्रॅक्टिकलला श्रेया आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. पेशीत मात्र काम चालू होतं. मधोमध पुसटशी भिंत उभी राहत होती.

हितेंद्रला एवढंच हवं होतं: भिंत पुरी व्हायच्या आत तिला खिडकीपाशी आणायचं आणि भर वर्गात म्हणायचं, तू बरोबर होतीस. वाक्य त्याने पाठ केलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. मग फोन लावला.

मागे बाजाराचा गलका होता. श्रेयाने सांगितलं, की ती अ‍ॅडमिशन रद्द करून कॉमर्सला जातेय, शनिवारी शेवटची सही. हितेंद्रने पाठ केलेलं वाक्य काढलं. बाहेर पडलं ते भलतंच. लायब्ररीची पुस्तकं परत करायची राहिली असतील तर बघ, असं काहीतरी तो बोलला.



"सर, तुम्ही बघितलंत का?"

"नाही," हितेंद्र म्हणाला.

"बरं."

तो प्रयोगशाळेत गेला. भरदुपार होती, खिडकीतून ऊन येत होतं.

भिंत पुरी झाली होती. एकीच्या दोन पेशी.

आजूबाजूच्या पेशी, ज्या कायम नुसत्या पडलेल्या असत, त्या सगळ्यांत रांगा लागल्या होत्या.

त्याने स्लाइड काढून उजेडात धरली. मुळाचं टोक काचेच्या मधोमध असायचं. ते आता काचेच्या कडेला टेकलं होतं. टोक जांभळं नव्हतं. पांढरं होतं. आणि तिथेच वरच्या काचेला केसाएवढी चीर गेली होती.

त्याने बोटं नाकाशी नेली. ताजा कांदा.

हात धुतले. परत नेली. मग मुठी मिटून घेतल्या.

शेवटी त्याने कागद ओढला. तोंडाने जे जमत नाही ते कधीकधी अर्जात जमतं.

'मा. प्राचार्य यांस. विषय: पेशींना स्थगिती मिळणेबाबत. महोदय, कु. श्रेया तांडेल या प्रयोगशाळेत येऊन बघेपर्यंत खिडकीजवळील स्लाइडमधील सर्व पेशींना आहे त्या अवस्थेत थांबण्याचे लेखी आदेश देण्यात यावेत, आणि ते शनिवारच्या आत, काच शाबूत आहे तोवर देण्यात यावेत, ही नम्र विनंती.'