सिंहाचा जबडा आणि मालवणी मसाला

मुलुंडच्या ग्राहक पेठेत ऋतिका परबच्या मसाल्याच्या टेबलाला लागूनच पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या एका टॅरोवाल्याचं टेबल आलं, तेव्हाच तिच्या कपाळाला पहिली आठी पडली. आईचा गुडघा धरला नसता तर ती तिच्या जागी तीन दिवस मालवणी मसाल्याची पाकिटं विकत बसलीच नसती. त्यात हा शेजारी! जांभळं कापड, मेणबत्ती, आणि दर पाच मिनिटांनी – आऽक्छी!

"तुमचा मसाला जरा पलीकडे..." शुक्रवारी तो डोळे पुसत म्हणाला होता.

"तुमचं नाक घ्या ना पलीकडे!"

त्याचं नाव प्रीतम. एरवी बोरीवलीत चष्म्याच्या दुकानात नोकरी, आणि पेठ लागली की रजा टाकून टॅरो. हसायचा मात्र छान. ऋतिकाने ते पाहिलं नव्हतं... म्हणजे दोनदाच पाहिलं होतं.

रविवारी सकाळी मोबाइल वाजला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेसेज मिहिरच्या आईचा होता. मिहिर म्हणजे घाटकोपरचं स्थळ. सगळं जमत आलेलं, साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची होती. काकूंनी लिहिलं होतं, 'काल मुलुंडच्या पेठेत सुनेसाठी कार्ड काढलं. सिंहाचं आलं, पण उलटं. म्हणजे मुलगी आवरायची नाही. आम्ही थांबतोय.'

पेठेत टॅरोवाला एकच होता.

"माझं लग्न मोडलंस तू!" ऋतिकाने त्याच्या टेबलावर हात आपटला. मेणबत्ती विझली.

"मी? कधी?"

"काल! मी जेवायला गेले तेवढ्यात! काय सांगितलंस रे त्या बाईंना?"

मेसेज वाचून प्रीतम गोंधळला. "त्या निळ्या साडीतल्या काकू? पण मी काहीच सांगितलं नाही यार. हे बघ, हेच कार्ड आलं होतं." त्याने गड्डीतून एक कार्ड काढून स्वतःसमोर मांडलं. "स्ट्रेंग्थ, म्हणजे बळ. चांगलं कार्ड आहे. आणि सरळ आलं होतं."

"उलटं आहे!"

"सरळ आहे."

"डोळे आहेत का तुला? चष्मे कसे विकतोस?"

दोघांनी एकदमच खाली पाहिलं. मग प्रीतमने कपाळावर हात मारला. "समोर बसलेल्याला ते उलटंच दिसणार ना! सरळ-उलटं धरायचं ते माझ्या बाजूने. मी तेच सांगणार होतो. तोंड उघडलं, आणि..."

"आणि काय?"

"शिंकलो."

लग्नाची गोष्ट निघाली आणि शिंक आली! काकू तिथून उठणार नाहीत तर काय. आणि शिंक कुणाच्या मसाल्याने आली, हे दोघांनाही कळलं होतं. म्हणून तर ऋतिका आणखी भडकली.

"फोन लाव त्यांना. आत्ताच्या आत्ता!"

त्याने लावला. काकू म्हणाल्या, मिहिरला घेऊन चारला येते.

चारपर्यंत वेळ जाता जाईना. ऋतिकाने ते कार्ड ओढून आपल्या बाजूला सरळ केलं. पांढऱ्या झग्यातली एक बाई, केसांत फुलं, आणि तिचे दोन्ही हात थेट सिंहाच्या जबड्यावर. सिंहाने शेपूट पायांत घातलेली.

"तोंड मिटतेय ती त्याचं," ऋतिका म्हणाली.

"पुस्तकात तसंच सांगतात. रागाला मायेने आवरणं, तेच खरं बळ. पण मी सहा वर्षं बघतोय... कधी कधी वाटतं, ती उघडतेय."

"मिटतेय! मला विचार. दोन महिने मी तेच करतेय. काकूंनी माझ्या चहाला नावं ठेवली – गप्प. मिहिर म्हणाला, लग्नानंतर नोकरी सोड – गप्प. सगळं घशाशी येऊन बसलंय."

"मग गिळलंस कशाला?" तो चक्क चिडला.

"एकोणतिसावं लागलंय मला! सात स्थळं आली आणि माझा आवाज ऐकून गेली. आई देवापुढे बसून रडते रे. हेही गेलं तर... तुला काय कळणार?"

तिचे डोळे भरून आले. मिरचीमुळे, असं ती म्हणाली. त्याने पाण्याची बाटली पुढे सरकवली. बोटाला बोट लागलं. दोघंही रागावलेलेच होते, तरी हात मागे घ्यायला जरा वेळच लागला.

चारच्या ठोक्याला काकू आल्या, मागून मिहिर. प्रीतमने त्यांना टेबलाच्या आपल्या बाजूला उभं केलं आणि कार्ड दाखवलं. "चूक माझी, काकू. कार्ड सरळ होतं."

काकूंचा चेहरा खुलला. "अगंबाई! म्हणजे ही राग आवरेल ना? तेवढं एक सांगा, की पुढची तारीख धरू."

एक 'हो', आणि सगळं जमणार होतं. प्रीतमने ऋतिकाकडे पाहिलं.

"कार्डाचं मी सांगितलं," तो सावकाश म्हणाला. "तिचं तिला विचारा. ती इथेच उभी आहे."

मिहिर तिच्या कानाशी पुटपुटला, "हो म्हण ना गं. नुसतं म्हणायला काय जातं?"

म्हणायला काय जातं! दोन महिने काय गेलं, ते तिलाच ठाऊक होतं.

"नाही आवरणार!" ऋतिका एवढ्या मोठ्याने म्हणाली की समोरची लोणचंवाली दचकली. "काकू, मला राग येतो. चुकीचं दिसलं की येतो, आणि पुढेही येणार. नोकरी मी सोडणार नाही. दोन महिने नाटक केलं, ती चूक माझी. पण आता बास!"

काकूंनी मिहिरचं मनगट धरलं आणि ताडताड निघून गेल्या. मिहिरने वळूनही पाहिलं नाही.

मग ऋतिकाने मोर्चा प्रीतमकडे वळवला.

"तुला हो म्हणायला काय झालं होतं?"

"खोटं बोलू?"

"एवढा हरिश्चंद्र कधीपासून झालास?"

"हरिश्चंद्र गेला खड्ड्यात!" तो ओरडला. खरंच ओरडला, तिच्या तोडीस तोड. "हो म्हटलं असतं तर तू गेली असतीस! तोंड मिटून, त्या माणसाबरोबर! आवडतेस तू मला, कळतंय का? शुक्रवारपासून आवडतेस!"

समोरची लोणचंवाली पुन्हा दचकली.

तिचा आवाज चढला की आजवर माणसं एक तर 'हळू गं' म्हणायची, नाही तर निघून जायची. हा पहिलाच, जो उलट ओरडला आणि तिथेच उभा राहिला. ऋतिकाचा राग कुठेच गेला नव्हता. पण त्या रागाच्या आत काहीतरी भलतंच गोड होतं, आणि ते तिला लपवता येईना.

"शनिवारी भांडुपला घरी ये," ती म्हणाली. "आईला भेट."

"त्यांना... काय सांगू?"

"आत्ता ओरडलास ते सगळं. एक शब्द गाळलास तर तिथेच भांडेन."

"भांड," तो म्हणाला. "मी येतोय."