नाव नसलेलं बटण

"हळू... हळू हं," टेबलावर पालथा पडलेला तो म्हणाला.

"लाकूड झालंय मानेचं. दिवसभर करता तरी काय?"

"ॲप बनवतो. तुमच्या दवाखान्याचं नवं ॲप माझंच."

माझे अंगठे थांबले. त्याच्या मानेवरच.

"मग चांगले सापडलात," मी म्हटलं.

मी फिजिओथेरपिस्ट. मला दिसत नाही. फोनमधला आवाज स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतो, त्याच्या भरवशावर मी माझे पेशंट, माझ्या वेळा, माझी खोली सांभाळत आले. जुनं ॲप ओबडधोबड होतं, पण बोलायचं. नवं आलं ते नुसत्या चित्रांचं. एरवी बोट टेकवलं की फोन नाव वाचतो, दोनदा टिचकी मारली तरच बटण दाबलं जातं; इथं बोट फिरवलं की फोन म्हणणार – बटण. बटण. नाव नसलेलं बटण. स्वीकारायचं कुठलं, नाकारायचं कुठलं, देव जाणे. गुडघेदुखीच्या आजोबांना मी असंच चुकून नाकारलं, आणि व्यवस्थापक गोड आवाजात म्हणाले, "सोमवारपासून तुम्ही इथल्या मोठ्या सरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून बसा. वेळा तुम्हाला झेपत नाहीयेत."

झेपत नाहीयेत म्हणे. दार यांनी बुजवायचं, आणि मला चालता येत नाही म्हणायचं.

मी फोन त्याच्या कानाशी धरला. आवाज नेहमीसारखा भरभर सुटला.

"ही कुठली भाषा?"

"मराठीच. तुम्ही हळू ऐकता."

तो चाचरत म्हणाला, "असं वापरणारे... म्हणजे, थोडेच असतात ना. पुढच्या टप्प्यात घेणार होतो."

"बरं. मग तुमची डावी बाजू आज मोकळी करते. उजवी पुढच्या टप्प्यात."

तो हसला. मी नाही. म्हणजे... जरासं. पण तो पालथा होता.

दोन दिवसांनी काउंटरवरच्या मावशींनी आत डोकावून सांगितलं, "तुमची वाकडी मान आलीय."

"ऐका," तो उत्साहानं म्हणाला.

मी बोट टेकवलं. त्यानं प्रत्येक बटणाला आपलाच आवाज दिला होता – संथ, सायीसारखा. "कृपया... स्वीकारा..." त्याच वेळी माझा फोनही बोलू लागला, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. बाहेर बसलेल्या पेशंटांपर्यंत. आवाज छान होता, याचाच मला जास्त राग आला.

"आवडला?"

"मी मागितला होता? माझ्याकडे ऐकायची सोय आहे. तुम्ही फक्त बटणांना नावं द्या."

"मला वाटलं, तुमच्यासाठी काही खास –"

"खास नको. सगळ्यांचं आहे तेच द्या, मला वापरता येईल असं. उपकार करायला येऊ नका माझ्या खोलीत. सोमवारनंतर ती माझी राहणारही नाहीये."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"माझ्या फोनची स्क्रीन काळी केलीय, नुसतं ऐकून चालवायला," तो हळूच म्हणाला. "शिकवाल?"

थोड्याच वेळात तो स्वतःशीच पुटपुटला, "कुठल्या गाढवानं बनवलंय हे?"

"नाव नसलेल्या," मी म्हटलं. या वेळी मात्र मी मोकळेपणी हसले.

मग तो रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत येऊ लागला. आवाज रोज थोडा वाढवून ऐकायचा – मोठा नव्हे, भरभर. एकदा काचेवर त्याचं बोट माझ्या बोटाला टेकलं... आणि दोघांनीही ते काढलं नाही. मान केव्हाच बरी झाली होती. अंगठ्यांना कळतं.

सोमवारी, त्यानं प्रत्येक बटणाला नाव दिलेलं नवं ॲप उघडून मी व्यवस्थापकांसमोर दिवसभराच्या वेळा घडाघडा सांगितल्या.

"बरं, राहू द्या तुमची खोली," ते म्हणाले. जणू त्यांच्या खिशातून काढून दिली. माफीचा शब्द नाही. तो राग अजून आहे माझ्याजवळ, जपून ठेवलाय.

संध्याकाळी शेवटच्या वेळेसाठी विचारणा आली. फोननं वाचलं: "मानेचं दुखणं. टीप: मान ठणठणीत आहे. तरी येऊ का?"

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकावर कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं.

मी मुद्दाम बोट डावीकडे नेलं.

"नाकारा," फोन भरभर म्हणाला. बाक करकरला. मी बोट तिथंच राहू दिलं. त्याच्या चित्रांनी मला काय कमी छळलं होतं?

"ऐकू आलं मला," दारातून पडलेला आवाज आला.

"इतक्या भरभर बोललेलं?"

"शिकवलंत ना..."

"मग पुढचंही ऐका."

मी बोट उजवीकडे सरकवलं. "स्वीकारा," फोन म्हणाला.

मी दोनदा टिचकी मारली.