डावा डूल

डाव्या कानातला डूल वाकडा दिसतो, ही तक्रार घेऊन ती सोनाराच्या त्या चिंचोळ्या दुकानात तिसऱ्यांदा आली. शाळेत ती गणित शिकवायची. दोन बाजू सारख्या नसल्या की तिला चैन पडत नसे. कारागीर बिचारा गुणी, दोनदा त्याने डुलाची तार निमूटपणे वाकवून दिली होती. आज मात्र त्याने दोन्ही डूल पट्टीने मापले, तिला घालायला लावले, आणि डोळ्यावरचं भिंग काढून नुसता बघत राहिला.

इतकं निरखून तिच्याकडे कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"रागावणार नसाल तर सांगतो... डूल सरळच आहेत. तुमच्या कानाची पाळीच वर उचलली गेलीये. चूक माझी, मी उगाच तार वाकवत बसलो."

तिने बोट लावून पाहिलं. कानाखाली बोराएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून लक्षच गेलं नव्हतं.

सोनोग्राफी झाली, सुईने नमुना घेऊन तपासणी झाली. "लाळेच्या ग्रंथीतली गाठ आहे, साधी," सर्जनबाई म्हणाल्या. "पण ठेवली तर पुढे बिघडू शकते. चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते. तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होऊ शकतं. आम्ही जपूच. सोबत कोण आहे?"

आई गेल्यापासून तिच्या घरात एकच कप विसळला जायचा. संमतीच्या कागदावर जवळच्या माणसाच्या सहीची जागा कोरी होती, आणि तो कागद घेऊन तिचे पाय आपसूक दुकानाकडे वळले.

"गाठ तुम्ही शोधलीत. आता सही करा."

"करतो की. पण नातं काय लिहू?"

"लिहा... डूल दुरुस्त करणारा."

"दुरुस्त कुठे झालाय अजून?" म्हणत त्याने दुकानाचं शटर ओढलं.

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली, तशी सर्जनबाईंनी फर्मावलं, "डोळे घट्ट मिटा. आता दात दाखवा." तिने दाखवले. दोन्ही बाजू सारख्या होत्या. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या कारागिराने डोळे पुसले. पाळीला जाणीव देणारी बारीक नस मात्र कापावी लागली होती.

टाके निघाले, सुट्टी संपली. दुखणं सरलं तसं त्याला भेटायचं निमित्तही सरलं. घर पुन्हा खायला उठलं. महिन्याभराने ती दुकानात आली, तेव्हा तिच्या एकाच कानात डूल होता.

"डावा कुठंय?"

"वाटेत पडला कुठेतरी." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "पडला ते कळलंच नाही हो. आणि घरी सांगणारं कुणी नाही."

तो खणातून तसाच एक डूल काढून बाहेर आला आणि तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला.

"हा कधी केलात?"

"तुम्ही आला नाहीत, त्या दिवसांत. रोज थोडा थोडा." त्याने डूल तिच्या पाळीत अडकवला. "लागतंय का?"

"काहीच कळत नाही."

"मग या बाजूला मी राहू? कायमचा?"

त्याचं बोट पाळीवरून हलकेच गालावर आलं. तिने डोळे मिटले.

"राहा," ती म्हणाली. "इथे कळतंय."