विनिताच्या घरचं अन्न

“काढ गो ती नळी! आत्ताच्या आत्ता काढ!”

तुळशीदासांच्या अंगात बळ ते कितीसं उरलं होतं. तरी भांडुपच्या त्या हॉस्पिटलातला अख्खा वॉर्ड वळून पाहू लागला. अल्सर फुटून त्यांच्या पोटभर पू पसरला होता. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण जखम भरून येईना. नुसत्या सलाईनवर भागायचं नाही, अंगात अन्न जायला हवं, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. आणि तोंडानं तर पाण्याचा घोटही चालणार नव्हता. म्हणून पोटातून थेट आतड्यात बारीक नळी बसवली होती. आहारतज्ज्ञ बाईंनी समजावल्याप्रमाणे पातळ, दोनदा गाळलेलं मुगाचं वरण सिस्टर त्या नळीतून थेंबथेंब सोडत होत्या. आणि ते वरण विनिताच्या घरून येतं, हे आज सुनेच्या, निशाच्या तोंडून निसटलं होतं!

विनिता खाटेशी उभी होती... आई गेली तेव्हा शाळा सोडून मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली, धाकट्या कृणालला शिकवून मार्गी लावलेली लेक! बाजारात बसून तारुण्य सरत आलं, तेव्हा कुठे तिनं स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली... घाटकोपरच्या राजेशशी लग्न. तो कोळी नव्हे, कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराचा मुलगा. ती लग्न करून गेली, तेव्हा बाबांनी कोळीवाड्यासमोर गर्जून सांगितलं होतं, “एकवीरा आईची आण! तुझ्या घरचा घास या तोंडात जाणार नाय!” कमावती लेक हातची गेली, हे खरं दुखणं, पण ते कोण बोलून दाखवणार?

“मरीन, पण तुझ्या घरचं खाणार नाय!” बाबांचा हात नळीकडे गेला.

विनितानं तो मनगटाशी घट्ट धरला. अपमानानं काळीज पोळत होतं, पण डोळ्यांत टिपूस येऊ दिलं नाही तिनं.

“तोंडात जाणार नाही, असंच म्हणालात ना? मग बघा ना बाबा, कुठे जातंय तोंडात? थेट आतड्यात जातंय! तुमची आण शाबूत आहे. आणि एकवीरा आई रागावलीच, तर माझ्यावर रागवू दे. मी बघून घेईन तिच्याशी!”

“बापाशी वाद घालतेस?”

“घालते! बाजारात बसून शिकलेय, आणि बसवलंत तुम्हीच. तेव्हा मी नाही म्हटलं नाही. आता तुम्हीही ‘नाही’ म्हणायचं नाही. मरायचंच असेल तर आधी बरे व्हा, मग बघू!”

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला खुदकन हसू फुटलं. बाबांनी रागानं तोंड फिरवलं... पण हात पुन्हा नळीकडे गेला नाही.

विनिता रोज येत राहिली, बाबा रोज भिंतीकडे तोंड करून पडत राहिले, आणि हळूहळू जखम भरत गेली. अखेर एका सकाळी डॉक्टरांनी तोंडानं चमचा-चमचा पातळ द्यायला सांगितलं. आण आडवी येऊ नये म्हणून निशा घरून पेज घेऊन आली; विनिता आपला डबा घेऊन बाजूला उभी राहिली. बाबांनी ओठ घट्ट मिटले.

“घ्या ना, बाबा...” निशा रडकुंडीला आली.

“विनीच्या घरचं दे.”

“आणि आण?” कृणाल पुटपुटला.

“आण माझी हाय, मीच मोडीन! पोटानं तर तिला कधीच घरात घेतलंय... तोंडच एकटं अडून बसलंय मेलं!”

हेच ऐकायला किती वर्षं आसुसली होती विनिता! तिनं डब्यातून चमचा भरला, बाबांच्या ओठांपर्यंत नेला... आणि थांबली.

“हे मी नाही शिजवलं, बाबा. मी इथे तुमच्यापाशी असते. रोज राजेश शिजवतो, गाळतो, घेऊन येतो. आणि तुम्हाला त्याचं तोंड दिसू नये म्हणून बाहेर बाकावर बसतो. त्याला हाक मारा, मग चमचा!”

“ताई, आज तरी...” कृणाल कळवळला.

“आजच! मी एकटी तुमच्या घरात परत येणार नाही.”

बाबांनी ओठांपाशी थांबलेल्या चमच्याकडे पाहिलं. मग खाडीच्या काठावरून होडीला साद घालावी तशी मान उंचावून त्यांनी दाराकडे हाक दिली, “राजेश! बाहेर काय बसलायस रे जावया? ये, मला उठवून बसव!”

राजेश बिचकतच आत आला. त्यानं बाबांच्या पाठीखाली हात घालून त्यांना अलगद बसतं केलं, आणि बाबांची मान त्याच्या खांद्यावर विसावली... आता मात्र विनिताचे अश्रू आवरेनात! हातातला चमचा थरथरू लागला.

“सांडशील गो, बाय,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.