हवाबंद

दवाखान्यातून निघाल्यावर थंडोबा आधी घरी गेला नाही. दारंखिडक्यांना लावायच्या रबराच्या पट्ट्या मिळतात त्या दुकानात गेला. उद्या त्याचं बाळ घरी येणार होतं. दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेलं, आलं तेव्हा तळहातावर मावेल एवढं, आणि तेव्हापासून काचेच्या पेटीत निजलेलं पोर. मोठ्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की खोली उबदार हवी, आणि वाऱ्याचा झोत बाळाच्या अंगावर येता कामा नये.

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. फळं, औषधं, आइस्क्रीम ठेवायच्या मोठाल्या थंड खोल्या बांधायचं त्याचं काम, म्हणून कामावरच्यांनी ते चिकटवलं होतं. स्वभावालाही शोभायचं, कारण घाई हा प्रकार त्या माणसाच्या गावीच नव्हता. दुकानदाराने पट्ट्या मोजता मोजता विचारलं, यावेळी कुठली खोली गार करायची? यावेळी गरम करायचीय, असं याने सांगितलं तेव्हा दुकानदार हसला, आणि कारण कळल्यावर चार पट्ट्या जास्तीच्या घातल्या बिचाऱ्याने.

घरी येताना त्याच्या डोक्यात नर्सताईंचं बोलणं घोळत होतं. वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या त्या, बोलायला फटकळ, पण बाळांना हात लावायच्या तो अगदी हलका. त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवून समजावलं होतं. ही घाईने आलेली बाळं कधीकधी झोपेत श्वास घ्यायचंच विसरतात. घाबरायचं नाही. तळपायाला हलकीशी टिचकी मारायची, की बाळाला आठवतं. बायकोने लगेच मारून बघितली. याचा हात धजावला नाही. एवढासा तो पाय, त्याला टिचकी कसली मारायची, असं म्हणून त्याने नुसता अंगठा फिरवला होता.

आता त्याच्या कामात एक नियम असतो, तो ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. थंड खोलीला सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी ती खोली वाया जाते. म्हणून सगळ्या कडांना रबर बसवायचं, आणि मग स्वतः आत बसून, दार ओढून घेऊन, ओला हात कडांवरून फिरवायचा. कुठे गार लागलं की समजायचं, इथून हवा जाते. आणि आत असा की बाहेर, दार कधी उघडं टाकायचं नाही. वर्षानुवर्षं हेच केल्यावर हात आपोआप दार ओढतो, डोक्याला विचारत नाही.

पोराच्या मायेने त्याने ती खोली अशी काही बंद केली, की असं काम त्याने पैसे घेऊनही कधी केलं नव्हतं. खिडकीला रबर, दाराला रबर, उंबऱ्यालाही रबर, वरचा झरोकाही पक्का बुजवला. पलंगाशेजारी पाळणा ठेवला. विजेचा हीटर लावला, आणि जरा कुठे ऊब धरते तोच वीज गेली.

उद्या बाळ आल्यावर अशीच गेली तर? तो तसाच शेजारच्या काकूंकडे गेला. त्यांची कोळशाची शेगडी होती, अंगणात पाणी तापवायची. काकूंनी ती लगेच दिली, वर फुललेले निखारेही दिले, बाळाच्या आईला जपायला सांगितलं. शेगडी कुठे ठेवणार, हे ना त्यांनी विचारलं, ना याने सांगितलं. याने ती खोलीच्या मधोमध ठेवली, दार लावून घेतलं, ओला हात सगळ्या कडांवरून फिरवला. कुठेही गार लागलं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. बाळाला कसं वाटेल ते बघू तरी, म्हणून तो जमिनीवर आडवा झाला.

भर दुपार होती. पडद्यातून पिवळट उजेड येत होता आणि निखारे मंद लाल दिसत होते. रबराला नवा, गोडसर वास होता. बाहेरचा आवाज आत येत नव्हता. पेटीत पोराला असंच वाटत असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला भरून आलं. कित्येक रात्रींचं जागरण होतं अंगात. डोकं जड झालं, मग हातपाय जड झाले, आणि तेही त्याला बरंच वाटलं.

मग त्याच्या तळपायाला काहीतरी लागलं.

इतकं हलकं, की जणू मुगाचा दाणा पडावा. त्याने पाय जवळ घेतला. पुन्हा लागलं, त्याच जागी. डोळे उघडावेत असं त्याला वाटलं, पण पापण्या हलेनात. तेव्हा त्याला ऐकू आलं की खोलीत दोन श्वास चालू आहेत. एक त्याचा स्वतःचा, संथ, लांबत चाललेला. दुसरा लहान, भरभर, पाचसहा घेतले की अडखळणारा. हा आवाज तो ओळखत होता. काचेला कान लावून कित्येक दिवस त्याने दुसरं काहीच ऐकलं नव्हतं.

टिचकी पुन्हा बसली. या वेळी जरा जोरात, रागावल्यासारखी.

त्याने कसेबसे डोळे उघडले. पायाशी कोणी नव्हतं. उठून बसायला गेला तर खोली फिरली. तेव्हा कुठे त्याला शेगडी दिसली आणि आपण काय करून बसलोय ते समजलं. तो सरपटत दाराकडे गेला. रबराने दार घट्ट धरलं होतं. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्याने ते ओढलं, बाहेर पडला, आणि सवयीप्रमाणे हात मागे गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.

बाहेर भिंतीला टेकून तो नुसता हवा गिळत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाचलो, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि दारावर आतून टिचकी वाजली.

तो बघत राहिला. अगदी खाली वाजली होती, उंबऱ्याजवळ. मग पुन्हा वाजली. मग जरा उशिरा वाजली. त्यानंतरची इतकी हळू, की वाजली की आपल्यालाच भास झाला, ते त्याला कळेना. आत कोण आहे, हे त्याने स्वतःला विचारलंही नाही. ज्याला तिथून बाहेर पडायला त्याने फटच ठेवली नव्हती, तो आत होता.

"थांब... थांब रे राजा... आलो..."

त्याने दार लोटलं, नाकावर सदरा धरून आत शिरला आणि खिडकीचं रबर नखांनी ओरबाडून काढलं. नख उलटलं, तरी थांबला नाही. खिडकीची दोन्ही दारं त्याने बाहेर ढकलली. तेव्हा त्याच्या गालाजवळून काहीतरी गेलं. गरम, चिमणीएवढं, दुधाच्या वासाचं. ते बाहेरच्या उन्हात गेलं आणि खोलीत त्याचा एकट्याचाच श्वास उरला.

तो तिथेच गुडघ्यांवर बसला. भीती होतीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी त्याच्या छातीत भरलं होतं. अजून धड रडताही न येणारं पोर, आणि बापाला उठवायला आलं. त्याने शेगडी अंगणात नेऊन ठेवली आणि चप्पल न घालता दवाखान्याकडे पळत सुटला. थंडोबाला पळताना गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं.

बायको वॉर्डातल्या खुर्चीवर बाळाला छातीशी धरून बसली होती. तिचे डोळे सुजले होते. त्याला बघताच तिला रडू फुटलं. दुपारी बाळाने श्वास सोडून दिला होता, तिने सांगितलं. टिचक्या मारल्या, डॉक्टर धावत आले, नळी लावली, तरी काही केल्या श्वास येईना. यंत्र नुसतं कोकलत होतं. डॉक्टरांनी मान खाली घातली, तेव्हाच बाळाने एकदम मोठा श्वास ओढला.

"कुठून तरी सुटून आल्यासारखा आला हो..." ती म्हणाली. "आणखी थोडे दिवस ठेवणारेत म्हणे. तुम्ही खोली केलीत ना तयार?"

"केली," तो म्हणाला. "खिडकी उघडी राहील अशी केलीय."

त्याने बाळाच्या पायाला हात लावला. पाय गरम होता. बाळ शांत झोपलं होतं, आणि त्याचा श्वास भरभर चालला होता, मधे कुठेही न अडखळता.

नर्सताई बाळाचं झबलं बदलायला आल्या. त्यांनी ओलं झबलं काढलं, आणि हातात धरून उलटसुलट करून बघितलं.

"एवढ्या लहान बाळांना घाम येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "यायला लागलेला नसतो अजून. इतकी वर्षं झाली मला इथे..."

त्यांनी ते झबलं त्याच्या हातात दिलं. पिळलं असतं तर पाणी निघालं असतं इतकं ते भिजलेलं होतं, आणि त्याला कोळशाचा वास येत होता.