मागच्या बाजूचं गाणं

सेक्टर दहामधल्या शामसुंदर मोहरीलच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार होते. एक, गाण्यातलं कळणारे. दुसरे, भिलाईत राहणारे. पहिल्या प्रकारात तो एकटाच होता, आणि त्याला त्याची काडीचीही खंत नव्हती.

कारखान्यात तो साहेब होता, पण ती आपली पोटापाण्याची सोय. खरा मोहरील सुरू व्हायचा संध्याकाळी साडेपाचनंतर, क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, काचेच्या कपाटासमोर. कपाटात चारशे बारा सीडी सिंगल होत्या, सगळ्या विलायती पॉप आणि रॉकच्या. सिंगल म्हणजे पातळसं पाकीट. आतल्या सीडीवर पहिलं गाणं गाजलेलं, आणि त्याच्यामागे एखादं असं, जे त्या बँडच्या कुठल्याच अल्बमात सापडायचं नाही. रेकॉर्डच्या जमान्यात ते तबकडीच्या मागच्या बाजूला असायचं, म्हणून बी-साइड. सीडीला वाजणारी मागची बाजू नसते, तरी नाव तेच राहिलं. गाजलेलं गाणं मोहरील कधीच लावत नसे. "ते पब्लिकसाठी," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना चपलेखाली काही आल्यासारखं तोंड करायचा.

पब्लिकमध्ये सगळे आले. सिव्हिक सेंटरच्या बाजारातून हिंदी पिक्चरच्या कॅसेटी उचलणारे ऑफिसातले लोक आले. शेजारच्या क्वार्टरमधले पुंडलिकराव आले. ते विधुर, स्टोअर्समधले जुने क्लार्क. एक कान लहानपणीच्या तापात गेलेला, दुसरा वयापायी गेलेला. रोज संध्याकाळी पेपर वाचायला आणि चहा प्यायला यायचे. बहिऱ्यासमोर संगीत लावण्यात मोहरीलला एक प्रकारची मजा वाटायची. आणि सगळ्यात मोठं पब्लिक म्हणजे त्याची बायको, प्रेमला.

प्रेमला आर्वीची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आली तेव्हा बाई भारी बोलकी होती. पण गाणं चालू असताना बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, आणि गाणं संपलं की मोहरील रजिस्टरात नोंद करायचा, तेव्हाही बोलायचं नाही. बोलायला रविवार उरायचा, आणि रविवारी तो झोपायचा. मग तिनं बोलणं कमी केलं, नंतर जवळपास सोडलंच. मोहरीलला वाटलं, चला, अकरा वर्षांत एवढं तरी शिकली.

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात ते पाकीट आलं. प्रेमलाचा मोठा भाऊ भाऊराव रेल्वेत गार्ड, दुर्गला राहायचा. कलकत्त्याचा एक विक्रेता मोहरीलची पार्सलं हावड्याला गार्डाच्या हाती द्यायचा, आणि ती एका गार्डाकडून दुसऱ्याकडे होत होत दुर्गला उतरायची.

"घ्या जावईबापू, आलं तुमचं घबाड," दुर्ग स्टेशनवर पाकीट हातात देत भाऊराव म्हणाला. "आमची प्रेमा बरी आहे न? लय दिवस झाले, तिचा आवाजच नाही आयकला."

"बरी आहे," मोहरील म्हणाला. त्याचं सगळं लक्ष पाकिटावर होतं.

चार वर्षांत मोडलेल्या एका स्कॉटिश बँडची ती सिंगल होती. तिच्या थोड्याच प्रती निघाल्या आणि लगेच मागे घेतल्या गेल्या. ती शोधण्यात मोहरीलची सहा वर्षं गेली होती. पाकिटावर दुसऱ्या गाण्याला नाव नव्हतं, फक्त वेळ छापली होती, चार मिनिटं अकरा सेकंद. भारतात हे दुसऱ्या कुणाकडे असणं शक्य नव्हतं, आणि असलं तर तो माणूस त्याला भेटायचा नव्हता.

घरी आल्याबरोबर त्यानं हात धुतले, सीडी लावली, आणि थेट दुसरं गाणं सुरू केलं.

मशीनवरचे आकडे सरकू लागले. शून्य एक, शून्य दोन. आवाज काही येईना. त्यानं व्हॉल्यूम वाढवला. स्पीकरच्या वायरी काढून परत खोचल्या. हेडफोन लावून पाहिले. साधी खरखरसुद्धा नव्हती. पहिलं गाणं लावलं, तर ते ठणठणीत वाजलं. पुन्हा दुसरं लावलं, तर पुन्हा काही नाही.

त्यानं मान वर केली तर प्रेमला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक तशीच. अकरा वर्षांत गाण्यासाठी ती कधी उठून आली नव्हती. आकडे चार अकरावर जाऊन थांबेपर्यंत ती हलली नाही.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. चांगलं आहे हे."

"काय चांगलं आहे?"

तिला वाटलं, तो थट्टा करतोय. ती चक्क हसली आणि आत गेली.

मोहरीलचा संताप झाला. कोरी सीडी ऐकून चांगलं म्हणते! हिला रिकामी पेटी दिली तरी दागिना म्हणेल. पण जेवताना तिनं दोनदा आपल्याशीच मान डोलावलेली त्याला दिसली.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव पेपर घेऊन बसले होते. मोहरीलनं मुद्दामच ते गाणं लावलं. पाचव्या सेकंदाला पुंडलिकरावांनी पेपर खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले.

"अवो मोहरील," ते अखेर म्हणाले, "किती साफ आयकू येऊन राह्यलं हो. माह्या मायनं आवाज दिला तेव्हापासून असं साफ नाही आयकलं मी."

"काय ऐकू येतं?" मोहरील ओरडला.

पुंडलिकरावांनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्याचं ओरडणं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. त्यांचं तोंड स्पीकरकडे होतं.

आता ही थट्टा राहिली नव्हती. ज्या कानांच्या जोरावर मोहरीलनं साऱ्या गावाला मूर्खात काढलं होतं, त्या कानांनाच नेमकं ऐकू येत नव्हतं, आणि कणीक मळणाऱ्या बाईला येत होतं, ठार बहिऱ्यालाही येत होतं. दिवसभर तो ऑफिसात जळत बसायचा. घरी यावं तर कपाटाच्या काचेवर बोटांचे ठसे. तो नसताना ती रोज लावत होती. तिनं ठेवणीतली जांभळी साडी काढली होती. मेथी घातलेल्या कणकेचे वाफवलेले फळं केले होते, आर्वीकडे करतात तसे, तेही त्यानं न सांगता. आणि ती त्याला आता काहीच विचारत नव्हती, चहा हवा का एवढंही नाही.

कारखान्याच्या दवाखान्यात दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. मोहरील गेला. काचेची बंद खोली, डोक्याला हेडफोन, टिक आवाज आला की बटण दाबायचं. तपासणारा केवलराम इकडचाच, छत्तीसगढी. मोहरीलच्या मते तोही पब्लिकच.

"साहब, कान तो आपके अठारह साल के लड़के जैसे हैं," केवलराम कार्ड दाखवत म्हणाला.

मोहरीलनं पिशवीतून छोटा प्लेअर काढला, त्याचे हेडफोन केवलरामला दिले आणि दुसरं गाणं लावलं. केवलराम खुर्चीत बसला. थोड्या वेळानं त्यानं डोळे मिटले, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"काय आहे त्यात? गाणं आहे? क्या है?"

"गाना कहाँ, साहब?" केवलराम हेडफोन न काढता म्हणाला. "आप ही तो बोल रहे हैं। मेरे घर का हालचाल पूछ रहे हैं।" मग जरा लाजून म्हणाला, "इतने साल से आप आ रहे हैं, आज पहली बार नाम लिया मेरा।"

मोहरीलनं हेडफोन त्याच्या डोक्यावरून ओढूनच काढले.

त्यानं स्कूटर घराकडे पिटाळली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भीती वाटत होती, आणि कशाची ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आपल्या घरात आपली जागा कुणीतरी घेतंय. तो कोण, हे मात्र त्याला स्वतःशी म्हणवेना.

सहाला दहा कमी होते. पुढच्या खोलीत प्रेमला आणि पुंडलिकराव बसले होते. सीडी मोहरीलच्या पिशवीत होती. मशीन बंद होतं, त्यावरचे आकडेसुद्धा विझलेले.

आणि दोघं ऐकत होते.

"मंग?" प्रेमला रिकाम्या खुर्चीला विचारत होती. "मंग काय म्हणाले ते?"

ती जराशी थांबली, आणि खळखळून हसली. पुंडलिकरावांनी मांडीवर थाप मारली. स्टुलावर चहाचे तीन कप होते.

"प्रेमला," मोहरील म्हणाला.

कुणी वळलं नाही.

"प्रेमला, मी बोलतोय. इकडे बघ."

"थांबा जरा," ती खुर्चीला म्हणाली, "बाहेर कुत्रं भुंकून राह्यलं वाटते."

त्यानं सीडी काढली आणि तिच्या डोळ्यांसमोर दोन्ही हातांनी वाकवली. ती काडकन मोडली. एक तुकडा तळहातात घुसला. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तिनं तिसरा कप खुर्चीच्या बाजूला थोडा सरकवला.

हे तुकडे घरात नकोत, एवढंच त्याला कळत होतं. तो तसाच बाहेर पडला, सडकेच्या टोकाला कचऱ्याच्या टाकीपर्यंत गेला, तुकडे आत फेकले, आणि तळहात रुमालात गुंडाळून परत आला. सारं मिळून दोन मिनिटं.

दार आतून लावलेलं होतं.

त्यानं कडी वाजवली. खूप वेळ वाजवली. मनाशी ठरवलं होतं, आता सगळं सांगायचं. भाऊरावनं तुझी विचारपूस केली होती आणि मी तुला सांगितलंच नाही, तेही सांगायचं. अकरा वर्षांचं बोलायचं राहिलंय, ते सगळं आज बोलायचं.

दार उघडलं. प्रेमला समोर उभी होती. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, रुमालाकडेही पाहिलं. अनोळखी माणसाशी बोलावं तशी ती जपून, आदरानं बोलली.

"कोन पाहिजे होतं, भाऊ?"

त्यानं उंबऱ्याकडे एक पाऊल टाकलं.

"सडक चुकली असन तुमची," ती म्हणाली. "इथले सारे क्वार्टर एकसारखेच दिसतात. कोपऱ्यावर पाटी आहे, तिथं पाहा."

आणि तिनं हलकेच दार लावून घेतलं.

तो पायरीवरच उभा राहिला. सडकेवरून कारखान्यातून सुटलेले दोघेतिघे सायकलींवरून गेले. त्यातला एक रोजच्या ओळखीचा होता. त्यानं मोहरीलकडे पाहिलं आणि तो पुढे निघून गेला.

मग आतून आवाज आला. त्याला तो स्पष्ट ऐकू आला, एकही अक्षर न गाळता. तो त्याचाच आवाज होता. फक्त त्यात कुठंही घाई नव्हती.

"कोन होतं व, प्रेमा?"

"कोनी नाही. घर चुकला होता बिचारा. हाताले लागलं होतं त्याच्या."

"मंग पानी तरी विचारायचं होतं व त्याले. थांब, मीच नेऊन देतो."

आत खुर्ची सरकली. माठावरचं झाकण कुणीतरी उचललं, आणि पेला भरल्याचा आवाज आला.