पंचवीस मिनिटांचा थांबा

धाकटीच्या पुढ्यात ऑम्लेट होतं, पायाशी ऑक्सिजनचं मशीन होतं, आणि कँटीनच्या दारात बसचा ड्रायव्हर उभा होता.

"अकरा नंबरची सीट तुमचीच ना? पंधरा मिनिटं झाली. सगळे जाऊन बसलेत."

"माझीच. अजून दहा मिनिटं लागतील," ती म्हणाली. "बसा ना."

तीन वर्षांपूर्वीच्या एका लांबलेल्या आजारपणात धाकटीची फुप्फुसं कमजोर झाली होती. तेव्हापासून नाकाशी एक पातळ नळी आणि खांद्याला अडकवायच्या पिशवीत एक मशीन. हवेतला ऑक्सिजन गोळा करून ते प्रत्येक श्वासाबरोबर 'फुस्' करून सोडायचं. एरवी ती घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. महिन्यातून एकदा साडेचार तासांवरच्या शहरात डॉक्टरांना दाखवायला जावं लागे. आजवर दादा सोबत यायचा. आज, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, घरच्यांशी पंधरा दिवस भांडून ती पहिल्यांदा एकटी निघाली होती. आणि नेमकी आजच दुसरी बॅटरी रात्रभर चार्ज झालीच नव्हती. प्लग सैल बसला होता.

"सात वर्षांत माझी गाडी कधी उशिरा पोचलेली नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"बॅटरी वीस टक्के होती. म्हणजे पन्नास मिनिटं. पुढचा रस्ता किती?"

"एक तास दहा."

"इथे एक मिनिट प्लग लावला की पुढे एक मिनिट मिळतं. वीस लागतात, वर पाच हाताशी, म्हणजे पंचवीस. पंधरा झाली. वजाबाकी तुम्ही करा."

त्याने केली असावी, कारण तो खुर्ची ओढून बसला. फ्रिजमागच्या प्लगपासून तिच्या पायापर्यंत आलेली वायर त्याने नजरेने मोजली. मग ऑम्लेटकडे बघितलं.

"आणि हे... हेही त्या हिशोबात येतं?"

"दहा मिनिटं नुसती बसून काय करू? तीन वर्षं मऊ भात खाल्लाय मी. हे बघा, कडेला कुरकुरीत, मधे ओलसर, आणि मिरी घालताना हात सैल सोडलाय. घ्या, एक घास."

"गाडीवर असताना मी खात नाही. सुस्ती येते."

"काहीच नाही?"

"दोन उकडलेली अंडी. पाव."

"सात वर्षं?"

"सात वर्षं."

"अरेरे," ती म्हणाली. इतक्या मनापासून म्हणाली, की जणू त्याच्या घरी काही वाईट घडलं होतं. ड्रायव्हरला हसू आवरेना.

बस फक्त चार मिनिटं उशिरा पोचली. उतरताना त्याने पिशवी खाली घेऊन दिली. "पुढच्या वेळी दुसरी बॅटरी तपासून निघा. मी दर गुरुवारी असतो." मग कोणी विचारलं नसताना आपण हे सांगितलं, हे लक्षात येऊन त्याचे कान लाल झाले.

धाकटीने पुढची तारीख गुरुवारचीच घेतली. डॉक्टरांना सांगितलं की तोच वार सोयीचा पडतो.

वाटेतला थांबा कुठल्या कँटीनला घ्यायचा, हे ड्रायव्हरच्या मर्जीवर असे. दुसऱ्या महिन्यात तो तळ्याकाठच्या कँटीनला थांबला. तिथे बटाट्याचं दाट सूप मिळायचं, आणि प्लग खिडकीखालीच होता. तिसऱ्या महिन्यात एका म्हातारीच्या टपरीवर. तिथली सफरचंदाची पेस्ट्री ओव्हनमधून निघायची तीच मुळी बसच्या वेळेला. धाकटी मशीन घेऊन चुलीपासून सगळ्यात लांबच्या टेबलावर बसे. जाळाजवळ ऑक्सिजन नको, हे आता ड्रायव्हरलाही पाठ झालं होतं. तो आधीच जाऊन ते टेबल अडवून ठेवी.

थांबा मात्र पंचवीस मिनिटांचा झाला होता. प्रवाशांची तक्रार नव्हती. त्यांनाही गरम पेस्ट्री मिळत होती.

"चव सांगा," तो म्हणायचा.

"सांगणार नाही. खा."

आणि तो खायचा. आधी चमच्याच्या टोकावर मावेल एवढं, मग अर्धी बशी. अंड्यांचा डबा तसाच परत जाऊ लागला.

चौथ्या महिन्यात त्याने तिला एक कागद दिला. रस्त्यावरच्या अकरा कँटीनची यादी. प्लग कुठे, चूल किती लांब, काय चांगलं मिळतं, सगळं लिहिलेलं. धाकटीने तो वाचला, पर्समधून लाल पेन काढलं, आणि उतरताना परत दिला.

"हे काय?"

"'सुप' नाही, 'सूप'. आणि 'चांगल'वर अनुस्वार दिलाय. बाकी मजकूर उत्तम."

"आणि अक्षर?"

"अक्षराला मार्क नसतात..." ती थांबली. "असते, तर दिले असते."

पाचव्या महिन्यातला गुरुवार मात्र वेगळा निघाला. सकाळी दहाच्या सुमाराला घाटात दरड कोसळली आणि गाड्यांची रांग लागली. एक तास गेला, दोन गेले. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं लख्ख ऊन आणि जागच्या जागी उभी बस. धाकटीने मुकाट्याने हिशोब केला. दोन्ही बॅटऱ्या मिळून सव्वातीनपर्यंत पुरतील. रस्ता कधी सुटणार, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिने ड्रायव्हरला बोलावून तेवढंच सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो रांगेत पुढे धावत गेला, प्रत्येक ट्रकशी थांबत, विचारत. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन परत आला.

"चला. सावकाश. चीज घेऊन जाणारा थंड ट्रक आहे. केबिनमध्ये प्लग आहे."

ट्रक एक बाई चालवत होती. तिने धाकटीला उंच केबिनमध्ये हात देऊन चढवलं, मशीनची वायर लावून दिली, आणि आपल्या खायच्या डब्यातला चीजचा तुकडा कापला. ड्रायव्हरचा पाव होताच. धाकटी मांडी घालून बसली, घाटाखालची दरी बघत खाऊ लागली. मशीन नेहमीसारखं फुस् फुस् करत होतं. तिला भीती वाटली नव्हती असं नाही. पण प्लग लागला, तिथे ती संपली होती.

"याला अक्रोडासारखा वास आहे," ती ट्रकवाल्या बाईला म्हणत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादा होता.

"तू ठीक आहेस ना? मी निघालोय गाडी घेऊन. तुझ्या बसच्या ड्रायव्हरने सांगितलं सगळं! बास झालं हे एकटीने फिरणं."

धाकटीने खिडकीतून खाली पाहिलं. ड्रायव्हर ट्रकच्या चाकाशी उभा होता, हातात फोन आणि प्रवाशांची यादी.

"तुम्ही दादाला फोन केलात?"

"यादीत त्यांचा नंबर होता. मला वाटलं, घरच्यांना कळायला..."

"अर्ध्या रांगेला माझ्यासाठी विचारत फिरलात. मला एका शब्दाने विचारलंत?"

धाकटीच्या नाकाशी नळी असली, तरी नाकावर माशी बसत नसे. चारला रस्ता सुटला. ती जाऊन अकरा नंबरवर बसली आणि उतरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. दादा स्टँडवर उभाच होता.

पुढचे दोन महिने ती दादाच्या गाडीतून गेली. दादा वाईट नव्हता. फक्त घाबरट होता. गाडी कुठेही न थांबता जायची, आणि डब्यात मऊ भात असायचा. तळ्याकाठचं कँटीन मागे पडलं, तेव्हा धाकटीने मान वळवून पाहिलं. मग स्वतःचाच राग आला. राग कँटीनसाठी होता की आणखी कशासाठी, ते तिने तपासलं नाही.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. आतल्या खोलीत मुद्रितं तपासत बसलेल्या धाकटीला आवाज ओळखू आला, आणि तिचं पेन एका जोडाक्षरावर थांबलं.

"या, या!" दादा म्हणत होता. "तुमचे उपकार कसे फेडायचे? फोन केलात म्हणून बरं झालं."

"तेच सांगायला आलोय," ड्रायव्हर म्हणाला. "चूक झाली माझी. तेव्हा त्या छान बसल्या होत्या. मशीन चालू होतं. चीज खात होत्या. घाबरलो होतो तो मी. 'काही होणार नाही' असं मला कुणीतरी सांगायला हवं होतं... म्हणून मी तुम्हाला फोन केला. त्यांच्यासाठी नाही केला."

हेच तर दादा गेली तीन वर्षं करत होता.

धाकटी बाहेर आली. मागोमाग तिची लांब नळी दाराच्या चौकटीला घासत आली.

"हे मला तेव्हाच सांगायचं होतं."

"तेव्हा माझं मलाच कळलं नव्हतं."

"दोन महिने लागले?"

"दोन महिने अंडी खात होतो," तो म्हणाला. "कशालाच चव नव्हती."

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. चहा होईपर्यंत धाकटीने सगळ्यांसमोर जाहीर केलं की उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी ती मावशीकडे बेटावर जाणार आहे. दोन बसेस, एक बोट. डॉक्टरांना विचारून झालंय. दादाने तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. "बॅटऱ्या तीन ने. दोन नको." आईची परवानगी अशीच असायची.

"मला त्या सोमवारपासून रजा आहे," ड्रायव्हर चहाच्या कपाकडे बघत म्हणाला. रजा नव्हती. त्याने ती दुसऱ्या दिवशी जाऊन मागितली.

प्रवासी म्हणून बसणं त्याला जमेना. दोन्ही बसमध्ये प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला जाई, आणि धाकटी हसून हसून दमे, मग मशीनचा आकडा एकाने वाढवे. बोटीच्या वरच्या मजल्यावर कँटीन होतं. लांबचं टेबल, भिंतीत प्लग, आणि लिंबू पिळलेला तळलेला मासा. समोर पाणीच पाणी.

तो खात नव्हता.

"काटे आहेत म्हणून?"

"नाही. मला... महिन्यातला एक गुरुवार पुरत नाही."

धाकटीने हातातला तुकडा खाली ठेवला. "हे मशीन कायमचं आहे. श्वास कधी बरा असेल, कधी नसेल. पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत. नीट वाचा, मग सही करा."

"वाचलंय. भीती वाटते. खोटं कशाला बोलू? पण ती आता फक्त तुला सांगेन."

"तुला?"

तो गडबडला. "चुकलं... तुम्हाला."

"नको खोडूस," ती म्हणाली. "बरोबर आहे ते."

मशीनने फुस् केलं. मासा गार होईल म्हणून दोघांनी आधी तो संपवला. बोट धक्क्याला लागायला आली, तेव्हा तिने आपला लिंबाचा वास लागलेला हात त्याच्या हातात दिला, आणि तो त्याने फळीवरून खाली उतरेपर्यंत सोडला नाही.

धक्क्यावर मावशी उभी होती. तिने आधी नळीकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग त्या दोन हातांकडे.

"जेवायला किती जण धरू?"

"दोघं," धाकटी म्हणाली. "आणि मावशी, भूक लागलीय."